वात जाड नको, बरोबर हवी: ग्लासातल्या सुगंधी मेणबत्तीची वात कशी ठरवायची

दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर तीन प्रकारचे फोटो यायला लागतात. एकात मेणबत्तीच्या मधोमध विहीर खणल्यासारखा खड्डा आणि कडेचं मेण जसंच्या तसं. दुसऱ्यात काळी पडलेली काच आणि वातीच्या टोकावर काजळीचा गोळा. तिसऱ्यात ज्योत शोधावी लागते, कारण ती मेणात बुडत चाललेली असते. खाली प्रश्न ठरलेला: "ताई, मेण खराब निघालं का? सेंट डुप्लिकेट आहे का?" मेण बहुतेक वेळा ठीक असतं. वात चुकलेली असते.

आणि ती कशी चुकते, तेही जवळपास ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी तास-दीड तास जाळून बघायचं, मेण कडेपर्यंत वितळलं नाही म्हणून एक नंबर जाड वात घ्यायची, ती "मस्त पेटली" म्हणून एकदम पन्नास ग्लास भरून टाकायचे. ग्लास अर्धा रिकामा झाल्यावर ती जाड वात काय करते, हे मग गिऱ्हाइकाच्या घरी कळतं.

खाली लिहिलेलं सगळं ग्लासातल्या मेणबत्तीसाठी आहे. साच्यातून काढलेल्या उभ्या मेणबत्तीचं गणित निराळं असतं, ते इथे लावू नका.

## टप्पा १: कॅलेंडर आणि सामान

आधी दिवस मोजा. नमुना भरला की तो मुरायला दोन आठवडे, मग रोज एक वेळ जाळून तपासायला आठ-दहा दिवस. म्हणजे चोवीस-पंचवीस दिवस नुसते वात ठरवण्यात जातात. माझा हिशोब असा: गणपती बसले की नमुने भरायचे, घटस्थापनेपर्यंत वात पक्की झालेली हवी. त्यानंतर विक्रीचा माल भरायचा, म्हणजे तोही धनत्रयोदशीच्या आत मुरतो. दसऱ्यानंतर जागे झालात तर यंदा नवीन ग्लासाच्या नादी लागू नका. जुना, तपासलेला ग्लासच वापरा.

सामान फार लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, स्वयंपाकाचा किंवा मेणाचा थर्मामीटर, कंपासपेटीतली पट्टी, लहान कात्री, आणि एक वही. वही सोडून बाकी सगळं लोक आणतात. वहीशिवाय तिसऱ्या दिवशी कोणत्या ग्लासात कोणती वात होती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

सावध: मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा.

## टप्पा २: ग्लास मोजा, आतून

वातीची साइझ ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे ग्लासाचा आतला व्यास. बाहेरून मोजलं की काचेची जाडी दोन्ही बाजूंनी त्यात धरली जाते आणि ७ सेमीचा ग्लास वहीत ७.६ होतो. तेवढ्याने वातीचा एक नंबर बदलू शकतो.

तीन ठिकाणी मोजा: तोंडाशी, मेण जिथपर्यंत भरणार तिथे, आणि तळाशी. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर काम सोपं. वर रुंद आणि खाली निमुळता ग्लास दिसायला छान, पण त्याला एकच वात वरपासून खालपर्यंत शोभत नाही. वर ती कमी पडते, खाली तीच जास्त होते. सुरुवात करणाऱ्यांनी सरळ भिंतीचा ग्लासच घ्यावा.

मेण किती लागेल, ते पाण्याने काढा. ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, हव्या त्या उंचीपर्यंत पाणी भरा, जितके ग्रॅम येतील त्याला ०.८७ ने गुणा. सोया मेणासाठी, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणासाठी, हा अंदाज पुरेसा आहे. माझ्या नेहमीच्या ७ सेमीच्या ग्लासात ६ सेमी उंचीपर्यंत २३० ग्रॅम पाणी बसतं, म्हणजे साधारण २०० ग्रॅम मेण. पुढचे सगळे आकडे याच ग्लासाचे आहेत. पाणी ओतून दिल्यावर ग्लास पूर्ण कोरडा करा. आत राहिलेला थेंब वात तडतडवतो.

कटिंगचे पातळ ग्लास, जुन्या बरण्या, तडा गेलेले कप नकोत. मातीची पणती किंवा कुल्हडही नको. झिलई नसलेली माती मेण पिते, आणि मग भांडंच वात होऊन बसतं. कोणत्याही ग्लासाचा तळ जाड आणि सपाट आहे ना, ते ओट्यावर ठेवून, टिचकी मारून बघा. डुगडुगला तर परत.

## टप्पा ३: मेण आणि सुगंध आधी पक्के करा

हा क्रम उलटा करणारे खूप. आधी वाती मागवतात, मग मेण बदलतात, मग नवीन सेंट आणतात, आणि वात जुनीच चालेल असं धरतात. वात या सगळ्यांच्या शेवटी येते, कारण ती बाकीच्या तिघांवर ठरते: ग्लास, मेण, सुगंध. त्यातलं एकही बदललं तर वात पुन्हा तपासायची.

मेणाचा फरक मोठा आहे. पॅराफिन वितळल्यावर पातळ होतं, वातीतून सहज चढतं. त्याला तुलनेने बारीक वात पुरते. सोया मेण जड चालतं, म्हणून त्याच ग्लासाला एक-दोन नंबर जाड वात लागते. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यालाही जाडच लागते. बाजारात मिळणारं "मिक्स मेण" घेत असाल तर पुढच्या पोत्यातही तेच मिक्स येईल का, हे दुकानदाराला विचारून घ्या. नाहीतर तुमची सगळी तपासणी त्या एका पोत्यापुरतीच खरी.

सुगंधाचं प्रमाण वजनावर काढायचं, चमच्यावर नाही. २०० ग्रॅम मेणाला ६ टक्के म्हणजे १२ ग्रॅम, ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम. नवख्यांनी ६ वर थांबावं. "वास कमी येतो" म्हणून १५ टक्क्यांपर्यंत गेलेले लोक मी पाहिलेत. जास्तीचं तेल मेण धरून ठेवत नाही; ते तळाशी किंवा वर सुटतं आणि वात तुंबवतं.

व्हॅनिला, चंदन, ऊद, कस्तुरी असे जड वास वातीला त्रास देतात. मोगरा, लिंबू, पुदिना त्या मानाने हलके जातात. म्हणून एकाच ग्लासात, एकाच मेणात मोगऱ्याला बरोबर बसलेली वात चंदनाला एक नंबर कमी पडू शकते. "माझी वात ठरलेली आहे" असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणत्या वासासाठी?

सावध: अंगावर मारायचा स्प्रे, अल्कोहोल असलेला परफ्यूम मेणात टाकू नका, भडका उडतो. अगरबत्तीचा सेंटही नको. तो काडीवर धुमसण्यासाठी असतो, वातीतून चढून जळण्यासाठी नाही. रंगासाठी मुलांचे मेणखडू आणि चमकी वापरू नका. त्यातले कण वातीत अडकतात आणि चांगली वातही दोन दिवसांत गुदमरते.

## टप्पा ४: सहा इंची वात म्हणजे साइझ नव्हे

दुकानात जाऊन "सहा इंची वात द्या" म्हणणं म्हणजे चपलेच्या दुकानात "काळी द्या" म्हणणं. सहा इंच ही लांबी झाली. जळणं ठरतं ते वातीची जाडी, वीण आणि आतला गाभा यांवर. लांबी तर आपण कापणारच असतो.

वातींच्या मालिका असतात: सीडी, इको, एलएक्स, एचटीपी वगैरे. प्रत्येकीत नंबर वाढला की वात जास्त मेण ओढते. पण एका मालिकेचा १० दुसऱ्या मालिकेच्या १० सारखा नसतो. साध्या विणलेल्या वातींवर २४ प्लाय, ३० प्लाय, ३६ प्लाय असं, म्हणजे धाग्यांची संख्या, लिहिलेलं असतं. त्यातही दोन कारखान्यांचे ३० प्लाय सारखे जळतीलच असं नाही. म्हणून एक मालिका धरा आणि तिच्यातच वर-खाली करा. पाकिटावर मालिका आणि नंबर नसलेली वात मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. पुढच्या वेळी तीच मागायची म्हटलं तर काय नाव सांगणार?

गाभ्यात धातूची तार असलेल्या आणि कुठून आल्या याचा पत्ता नसलेल्या वाती टाळा. शिशाच्या गाभ्याच्या वातींवर अमेरिकेत २००३ पासून बंदी आहे. तार पांढऱ्या कागदावर घासून बघा; पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ती वात कचऱ्यात.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. अमळनेरच्या माझ्या एका मेणबत्तीच्या वर्गात एक मावशी घरच्या कापसाच्या वळलेल्या वाती घेऊन आल्या होत्या. सुंदर, एकसारख्या. "शेतात कापूस आहे, वात विकत कशाला घ्यायची?" प्रश्न रास्त आहे, खान्देशात तर फारच. पण समईतली वात कशी चालते ते आठवा: ती जळत जाते, टोकाला काजळी धरते, आणि आपण काडीने ती झाडून वात पुढे सरकवतो. मेणबत्तीत सरकवायला कोणी बसलेलं नसतं. तिथली वात विणलेली असते ती याचसाठी. जळताना तिचं टोक वाकतं, ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे हवा मिळून स्वतःच झडून जातं. हाताने वळलेली वात वाकत नाही. तिच्यावर काजळीचा गोळा साठतो किंवा ती मऊ पडून मेणात आडवी होते. मावशींची वात आम्ही तिथेच लावून पाहिली; वीस मिनिटांत आडवी. फुलवात तुपातच शोभते.

लाकडी वात हा वेगळा विषय आहे, तिला रुंदी आणि जाडी दोन्ही बघावी लागते. कापसाची वात जमल्याशिवाय तिकडे वळू नका.

तपासा: वात खालून ज्यात बसवलेली असते त्या पत्र्याच्या टिकलीला वर छोटी नळी असते. ती निदान ६ मिमी उंच हवी. मेण संपत आल्यावर ज्योत तळाच्या काचेपर्यंत पोचू नये म्हणून ती असते.

## टप्पा ५: एक नाही, तीन नमुने भरा

विक्रेत्याच्या तक्त्यात तुमच्या व्यासासमोर जो नंबर असेल तो, त्याच्या खालचा आणि वरचा, असे तीन घ्या. ७ सेमीच्या ग्लासात सोया मेणासाठी मी इको ८, १० आणि १२ पासून सुरुवात करते. तक्ता म्हणजे रस्ता विचारण्यासारखं आहे. माणूस "पुढे डावीकडे" सांगतो, पण घर आपल्यालाच शोधायचं असतं.

तिन्ही ग्लास एकाच वितळलेल्या मेणातून भरा. क्रम असा:

१. वातीची टिकली तळाच्या बरोबर मध्ये चिकटवा. उष्णतेला टिकणारे स्टिकर मिळतात, ते वापरा. ग्लू गनचा गोंद गरम काचेत सुटतो, टिकली तरंगते आणि ज्योत काचेला जाऊन टेकते. दाबायला जुन्या बॉलपेनची रिकामी नळी छान: वात नळीतून ओवायची आणि खाली दाबायची.

२. तळावर बाहेरून वातीचा नंबर लिहा. आत्ताच, नंतर नाही.

३. मेण ८० ते ८५ अंशांवर आणा, गॅसवरून उतरवा, सुगंध वजन करून घाला, दोन मिनिटं सावकाश ढवळा. फेटू नका, हवा शिरते.

४. सोया मेण साधारण ५५ ते ६० अंशांवर आलं की ओता. पॅराफिन ७० ते ७५ वर. मेणाच्या पिशवीवर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

५. वात आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये धरून ताठ ठेवा. अर्धा सेमी जरी बाजूला गेली तरी काच एकाच बाजूने तापते, आणि दोष वातीच्या साइझवर येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन वाती आणि तीन वेगवेगळे वास भरलेत तर नऊ दिवसांनी हातात काहीच येणार नाही.

## टप्पा ६: झाकून ठेवा आणि विसरून जा

सोया मेण दहा ते चौदा दिवस मुरू द्या, पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. झाकण लावून, उन्हापासून लांब. दुसऱ्याच दिवशी लावलेली सोया मेणबत्ती वेगळी जळते आणि वासही नीट देत नाही. मग माणूस सुगंध वाढवतो, आणि टप्पा तीनमधली चूक तिथून सुरू होते. इथे करण्यासारखं काही नाही.

## टप्पा ७: पहिली जाळणी

वात ५ ते ६ मिमी ठेवून कापा. ग्लास काट्यावर ठेवून वजन लिहा. पंखा बंद, कूलर बंद, खिडकी किलकिली. तिन्ही ग्लास एकमेकांपासून वीतभर लांब, उष्णता सोसणाऱ्या ताटलीवर. खोलीचं तापमान लिहा. का, ते पुढे येईल.

साधा नियम: व्यासाच्या दर अडीच सेमीला एक तास. ७ सेमीला तीन तास सोडा, चार तास कमाल. तासातासाला बघा आणि लिहा: वितळलेल्या मेणाचं तळं किती रुंद, किती खोल, ज्योत किती उंच, धूर आहे का. चार तास झाले की विझवा. तळ्याची खोली ६ ते १२ मिमीमध्ये असावी. लाकडी काडी बुडवून, पट्टीला लावून मोजा.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे. ग्लास ७ सेमी, सोया, मोगरा ६ टक्के, खोली २८ अंश. चार तासांनी इको ८ चं तळं साडेपाच सेमी, कडेला मेणाची जाड भिंत. इको १० चं साडेसहा, कडेला पातळ पापुद्रा. इको १२ सव्वादोन तासांतच काठोकाठ, गुळगुळीत आरशासारखं.

वर्गात हे पान दाखवून मी विचारते, कोणती निवडाल? हात वर होतात ते इको १२ साठी. मागच्या वर्षी मागच्या रांगेतून अहिराणीतून सल्लाही आला, "मोठी वात लाव ना, वास बी जास्त यी." आणि पहिल्या दिवशी ते खरंही वाटतं.

सावध: पहिल्या जाळणीवरून वात निवडायची नाही. फक्त बाद करायची. ज्योत मेणात बुडून विझली तर ती वात बाद. ज्योत ५ सेमीच्या वर गेली, काळा धूर निघाला तर तीही बाद. बाकीच्या पुढे चालू.

## टप्पा ८: तळापर्यंत जाळा

आता रोज एक जाळणी, चार तासांची. दोन जाळण्यांच्या मध्ये मेण पूर्ण घट्ट होऊ द्या. दर वेळी आधी वात कापा, वजन लिहा, मग पेटवा. विझवल्यावर पुन्हा वजन.

ग्लास जसजसा रिकामा होतो तसं आत काय घडतं ते समजून घ्या. सुरुवातीला ज्योत काठाजवळ असते, बरीचशी उष्णता वर उघड्यावर निघून जाते. अर्ध्यावर आल्यावर ज्योतीभोवती काचेची विहीर तयार होते. उष्णता आत कोंडते, काच तापते, आणि तापलेली काच वरच्या भिंतीला चिकटलेलं मेण स्वतःच वितळवून खाली आणते. म्हणजे पहिल्या दिवशी कमी वाटलेली वात चौथ्या-पाचव्या दिवशी बरोबर वाटायला लागते. आणि पहिल्या दिवशी बरोबर वाटलेली?

त्याच पानाच्या खाली पुढची नोंद आहे. इको १२ दर जाळणीला २५ ग्रॅम मेण खात होती. पाचव्या दिवशी ज्योत ५ सेमी, लवलवती. वातीवर काजळीचा गोळा. काचेच्या आतून काळी पट्टी. सहाव्या दिवशी ग्लासाला हात लावून तीन सेकंदही धरवेना. तिथेच थांबवली. इको ८ दर जाळणीला १६ ग्रॅम. कडेची भिंत सहाव्या-सातव्या दिवशी उतरली, पण ज्योत शेवटपर्यंत मिणमिणती आणि वास जेमतेम. इको १० ने दर वेळी २० ग्रॅम खाल्ले. तिसऱ्या दिवसापासून तळं काठोकाठ, ज्योत तीन सेमीच्या आसपास स्थिर, आठव्या दिवशीही काच स्वच्छ. वही इको १० वर बंद झाली.

मी हे शिकले ते फुकट नाही. सुरुवातीच्या एका मे महिन्यात दोनच जाळण्या बघून जाड वात पक्की केली होती. उरलेला एक ग्लास घरीच लावला, आत जाऊन बसले. टक असा आवाज आला. येऊन बघते तर ग्लासाचा तळ गोल कापल्यासारखा वेगळा झालेला, कडप्प्याच्या ओट्यावर मेण पसरलेलं आणि वात त्यात तरंगत पेटलेली. ओटा होता म्हणून निभावलं. लाकडी कपाट असतं तर? त्या घाण्यातले बाकीचे अकरा ग्लास मी विकले नाहीत, मेण काढून परत वितळवलं.

तपासा: ग्लासाच्या काठाला आणि तळाजवळ हात लावा. चटका बसतो का? तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर काचेवर धरा. ६० अंशांच्या पुढे गेली की मी ती वात बाद करते.

मेण एक-सव्वा सेमी उरलं की थांबा. माझ्या ग्लासात ते ४० ग्रॅम उरल्यावर येतं, म्हणजे इको १० च्या आठ जाळण्या, ३२ तास. हाच आकडा लेबलवर लिहायचा. "५० तास जळते" असं दुसऱ्याच्या लेबलवरून उतरवू नका. आणि "एक सेमी मेण उरल्यावर लावू नये" ही ओळही छापा.

## टप्पा ९: लक्षणं वाचताना होणाऱ्या गफलती

वात लहान असल्याची लक्षणं: चौथ्या-पाचव्या जाळणीनंतरही कडेला जाड भिंत, ज्योत दोन सेमीच्याही खाली, तळं भरून वात बुडते, वास येत नाही. वात मोठी असल्याची: उंच नाचरी ज्योत, काजळीचा गोळा, काळी काच, बारा मिमीपेक्षा खोल तळं, तापलेला ग्लास.

पण प्रत्येक लक्षण वातीचंच असेल असं नाही, आणि गडबड इथेच होते.

तळं एकाच बाजूला सरकलं? आधी पंख्याकडे बघा, मग वात मध्ये आहे का ते बघा. काजळीचा गोळा आला? वात कापून पेटवली होती का? न कापलेली दोन सेमीची वात कोणत्याही नंबरची असो, गोळा धरणारच. विहीर पडली? अर्धा-अर्धा तास लावून विझवली असेल तर बरोबर वातही विहीरच पाडते. ज्योत पहिल्या दिवशी छान आणि तिसऱ्या दिवशी मलूल? तर वात तुंबतेय. सुगंधाचं प्रमाण किंवा रंग तपासा, नंबर वाढवण्याआधी.

वास येत नाही म्हणून वात वाढवू नका. तळं पुरेसं रुंद आणि खोल असूनही वास नसेल तर दोष सुगंधात, प्रमाणात किंवा मुरवण्यात आहे. मोठ्या वातीने वास वाढत नाही, लवकर जळून जातो.

घरी एखाद्या मेणबत्तीत विहीर पडलीच असेल तर तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं भोक ठेवा आणि समोर बसून तासभर जाळा. कडेचं मेण उतरतं. हा घरगुती इलाज आहे. अशी मेणबत्ती विकायची नाही.

## टप्पा १०: मे महिन्याची वात आणि डिसेंबरची वात

बाहेरचे तक्ते आपल्याला फसवतात ते इथे. ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीसाठी केलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. ग्लासात भरायचं सोया मेण ४६ ते ४९ अंशांना वितळतं. म्हणजे ते आधीच वितळायच्या उंबरठ्यावर उभं असतं; ज्योतीने नुसता धक्का द्यायचा. तळं रुंद होतं, खोल होतं, वात जास्त ओढते. हिवाळ्यात धुळ्याकडे पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा तीच वात कडेला भिंत ठेवते.

मी करते ते असं: दिवाळीच्या मालाची वात भाद्रपदातल्या हवेत ठरवते, पण पुढच्या वर्षीही तीच ठेवण्याआधी एक नमुना राखून एप्रिल-मेमध्ये तळापर्यंत जाळते. दोन नंबरांमध्ये अडकले तर खालचा घेते. थंडीत कडेला पातळ पापुद्रा राहिला तर गिऱ्हाईक कुरकुर करेल; उन्हाळ्यात काच तडकली तर कुरकुर करण्यावर भागणार नाही.

उन्हाळ्यात कूलरसमोर तपासणी करू नका. त्या झोतात ज्योत आडवी होते, धूर करते, आणि चांगली वात नापास होते. सकाळी लवकर, सहा ते दहा, ही जाळणीची वेळ ठेवा. आणि मे महिन्यात सोया मेणबत्त्या कुरिअरने पाठवूच नका. वाटेत मऊ पडतात, वर तेलाचे थेंब सुटतात, वात कलते. कललेली वात म्हणजे टप्पा पाच वाया.

## टप्पा ११: ग्लास रुंद असेल तर

आतला व्यास ९ सेमीच्या पुढे गेला की एका वातीला काठ गाठता येत नाही, आणि गाठायला लावली तर ती मशाल होते. तिथे दोन बारीक वाती. दोघींच्या मध्ये व्यासाच्या निम्मं अंतर आणि प्रत्येकीपासून जवळच्या काचेपर्यंत पाव व्यास, असं धरा. १० सेमीच्या भांड्यात म्हणजे दोघींमध्ये ५ सेमी, आणि कडेपासून अडीच-अडीच. नंबर निवडताना प्रत्येक वातीला निम्मं, म्हणजे ५ सेमीचं भांडं समजा आणि तक्त्याच्या एक नंबर खालून सुरू करा. दोन ज्योती एकमेकींना तापवतात. तपासणी तशीच, तळापर्यंत.

## वहीत शेवटी काय असावं

वात ठरली की एका पानावर: ग्लासाचा आतला व्यास, मेणाचं नाव आणि पोत्यावरचा लॉट नंबर, सुगंध आणि टक्के, वातीची मालिका आणि नंबर, खोलीचं तापमान, दर जाळणीला जळालेले ग्रॅम. नवीन पोतं आलं, सेंटची नवी बाटली आली, दुकानदाराने "तोच ग्लास आहे ताई, फक्त कंपनी वेगळी" म्हटलं, की त्या दिवशी एकच नमुना भरा, मुरवा, तळापर्यंत जाळा आणि जुन्या पानाशेजारी लावा. दर जाळणीचे ग्रॅम जुन्या आकड्याच्या जवळ आले, २० ला २१ किंवा १९, तर घाणा भरायला घ्या. २४ आले तर हात आवरा आणि टप्पा दोनपासून पुन्हा मोजा.